आईच्या नावाची पाटी

ओक हॉलो, मिशिगन
१४ ऑक्टोबर

प्रिय लोइस,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं तुझ्या सुनेकडून कळलं. काठी घेऊन चालतेस ना? इथे सगळं ठीक. सफरचंदं यंदा इतकी आली की मला पाहून शेजारी दारं लावून घेतात. तेहतीस वर्षांनी पत्र लिहितेय म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं तू म्हणशील. हवं आहेच. पण आधी थोडी बढाई ऐकून घे.

प्लंबरच्या दुकानामागचं आमचं गॅरेज तुला आठवत असेल. दोन टाक्या, क्लेटन आणि मी. पुढे कधीतरी उठवता येतील म्हणून मेलेली माणसं थंड करून ठेवते, त्यावरून गावानं मला 'फ्रीजरवाली' नाव पाडलं होतं. टाक्यांत भरायच्या गार नायट्रोजनचा ट्रक आणणारा अर्ल नळी दारातून आत ढकलायचा आणि गाडीत जाऊन बसायचा. "बाई, आतलं कुणी उठलं तर मला फोन करू नका," म्हणायचा. त्याच अर्लनं गेल्या वर्षी स्वतःचं नाव नोंदवलं. आज आमच्याकडे एकशे चौसष्ट रुग्ण आहेत. हो, रुग्णच. औषध निघेपर्यंत थांबलेली माणसं. पूर्वी आम्ही पेट्रोल पंपावरून बर्फाच्या पिशव्या घेऊन धावायचो आणि नर्सेस आम्हाला हाकलून द्यायच्या. आता त्याच फोन करतात, "वेळ जवळ आलीय, या."

आणि पूर्वी आमच्या रुग्णाच्या घरी कुणी जेवण पाठवायचं नाही. दफन नाही तर दुःख कसलं? मार्चमध्ये माझा क्लेटन टाकीत गेला, तेव्हा पायरीवर सतरा भांडी आली. बटाट्याची, नूडल्सची, शिवाय एक अख्खं हॅम. नव्या पाद्रीबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "व्हर्ना, सांत्वन करू की शुभेच्छा देऊ?"

"दोन्ही करा, आणि बसा," मी म्हटलं. अभिमानानं ऊर इतका भरून आला होता की रडायचं राहूनच गेलं. ते भांडी परत करताना झालं.

आता गाव आमच्या दारावर पितळी पाटी लावणार होतं. पहिल्या रुग्णाच्या नावानं. 'हिल्डा, जिनं थांबायचं ठरवलं.' आपली आई. समारंभात मी दोन शब्द बोलायचे होते. आठवडाभर कागद घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले.

आई गेली तेव्हा तू चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, "तू आईला फसवलंस." मी म्हटलं, "संमतीचा कागद बघ, सही तिचीच आहे." सही तिचीच होती. पण शेवटच्या मंगळवारी तू कॉफी आणायला खाली गेलीस, तेव्हा ती म्हणाली, "व्हर्ना, मला तुझ्या बाबांशेजारीच ठेव गं. वाट बघायचा कंटाळा आलाय मला." मी म्हटलं, "हो, आई." दाराबाहेर तिच्यासाठी बर्फाच्या पिशव्या येऊन पडल्या होत्या. औषधाची गुंगी असेल, अशी मी मनाची समजूत घातली. गुंगी नव्हती, लोइस. तिनं आधी माझ्याकडून चष्मा पुसून घेतला होता आणि माझ्याकडे नीट बघत बोलली होती.

काल मी हे आमच्या समितीला सांगितलं. एकजण म्हणाला, "आधी पाटी लागू दे, मग बघू." मी नाही म्हटलं. पाटी रद्द झाली. आता आईला टाकीतून काढून बाबांशेजारी पुरायचं; आमच्याकडून परत जाणारी ती पहिलीच. पेपरवाले येतील, येऊ देत. एका बाईच्या नकारानं कोसळावं इतकं लेचंपेचं काम मी केलेलं नाही. थांबायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, हेच तर इतकी वर्षं मी गावाला ओरडून सांगत आले. आई चुकली असं मला अजूनही वाटतं. मी स्वतः क्लेटनशेजारी टाकीतच जाणार. पण चुकायचा हक्क तिचा होता.

सोबतच्या कागदावर दोघी मुलींच्या सह्या लागतात. माझी केली आहे. बाबांशेजारची जागा तू रिकामीच ठेवलीस, हे मला माहीत आहे. दरवर्षी जाऊन बघून येते. दिवस आणि प्रार्थना तू ठरव. मी मागच्या बाकावर बसेन, आणि तू नको म्हणालीस तर बाहेर गाडीत.

आईला 'हो' म्हणून ते न पाळलेली,
तुझी धाकटी बहीण,
व्हर्ना