पार्ट मिळत नाही

प्रिय बन्सी,

आशीर्वाद आहेतच, ते काही कुठं जात नाहीत. पण आज आधी राग लिहिते, आशीर्वाद उरलेल्या जागेत. फोनच करणार होते. पण फोनवर तू हो आई, हो आई म्हणतोस आणि दोन मिनिटांत 'जेवलीस का' वर येतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शेवटपर्यंत वाच. आणि सूनबाईला वाचायला देऊन सार तिच्याकडून ऐकू नकोस, स्वतः वाच.

परवा मी संभाजीनगरला येऊन गेले. तुझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर होते आणि नातवाचं तोंडसुद्धा न बघता एसटीनं कन्नडला परत आले. यावरून राग केवढा ते ओळख.

अण्णांची गाडी पोळ्यानंतर बंद पडली हे तुला ठाऊक आहे. चढाला दम टाकायची, मग गप्पच व्हायची. मी खाली उतरून हातपंप मारायची, नट ढिला करून पाइपातली हवा काढायची. बुडबुडे जाऊन स्वच्छ डिझेल आलं की नट आवळायचा, सेल्फ मारायचा, की मैलभर चालायची आणि पुन्हा तेच. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप असतो, फीड पंप म्हणतात, तो गेला हे मला घरीच कळलं होतं. फकिराच्या गॅरेजला नेली, त्यानं उघडून तेच सांगितलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "वहिनी, हा पार्ट आता मिळत नाय. जुन्या गाड्यांचा माल बनायचाच बंद झालाय."

मी विश्वास ठेवला. तुझ्या अण्णांचा जिवाभावाचा दोस्त. त्यांची प्रत्येक गाडी त्यानंच उघडलेली. त्याच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

दहा आठवडे, बन्सी. दर आठवड्याला मी चालत नाक्यावर जायची. तो खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा आणि एक नवी गोष्ट सांगायचा. जळगावला माणूस पाठवलाय. मालेगावहून आला पण माप चुकलं. गाडी आपली मागच्या लिंबाखाली, आणि बॉनेटवर त्याच्या कोंबड्या बसलेल्या. एकदा म्हणाला, एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, चांगलं मागतंय, इचार करा. तेव्हाच मला वास यायला पाहिजे होता. पण माझं डोकं त्या कोंबड्यांत अडकलं होतं.

याच दिवसांत बानाबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मेंढरं घेऊन पठारावर राहणारी माणसं ती, तिथवर जाणारी गाडी आपलीच. तिला चालवत खाली रस्त्यापर्यंत आणून दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसवून नेलं. मुलगी झाली, दोघी धडधाकट आहेत. पण बानाबाई बाजारात भेटली तेव्हा चारचौघींत म्हणाली, "साळू, नातीचं नाव गवळण ठेवू का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र भाकरीचं पीठ असं आपटलं की परात वाकडी झाली.

परवा संभाजीनगरात, औरंगपुऱ्यात गेले ती चष्म्यासाठी. तिथल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पिकलाय, ऑपरेशन करावं लागेल. हे आता मीच तुला सांगते आहे, नीट लक्षात घे, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही. काम लवकर आटोपलं म्हणून सहज वाटलं, शहरात आलेच आहे तर एखाद्या पार्टच्या दुकानात विचारून बघू. रिक्षावाल्याला सांगितलं तर तो मागं वळून बघत म्हणाला, "अम्मा, पार्ट तुम लेते?" मी म्हटलं, लेते आणि लगाते बी, तू समोर बघून चालव.

दुकानदार पोरगाच होता. मी गाडीचं नाव, साल आणि पार्ट सांगितला. त्यानं मान वर न करता विचारलं, "लोकल देऊ का ओरिजिनल, मावशी?"

मला आधी समजेचना. जी वस्तू दहा आठवडे अख्ख्या मुलखात मिळत नव्हती, तिच्यात दोन जाती निघाल्या. मी विचारलं, दोन्ही आहेत? तो म्हणाला, कितीबी न्या. मी ओरिजिनल घेतला आणि तुझ्याकडं यायचं सोडून सरळ स्टँड गाठलं. एसटीत खिडकीशी बसले आणि अर्धी वाट सरेपर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही. मोतीबिंदूनं नव्हे.

थेट गॅरेजला उतरले. पार्ट फकिराच्या पान्यांच्या पेटीवर ठेवला. तो त्याच्याकडंच बघत राहिला, माझ्याकडं बघेना. मग बोलला. "बन्सीचा फोन आला व्हता, वहिनी. म्हणला, आईला गाडी चालवू द्यायची नाय, पर आईला कळू बी द्यायचं नाय. गाडी ठेवून घे, हळूहळू इसरंल."

हळूहळू इसरंल. मी काय शेळी आहे, दुसऱ्या कुरणात बांधली की विसरायला?

वच्छलाबाईनं शेजारधर्म पाळून तुला श्रावणातलं सांगितलं असणार. ते खरं आहे, खोटं कशाला बोलू. कारखान्याच्या वळणावर तिन्हीसांजेला समोरून ट्रॅक्टर आला, त्याचे दिवे माझ्या डोळ्यात पसरून गेले आणि डावीकडचं चाक चरात उतरलं. बानाबाईची दोन कोकरं मागच्या बाकड्यावरून खाली पडली. माणसाला ओरखडा नाही. पण मी घरी येऊन तासभर ओट्यावर बसून होते. तिन्हीसांजेला किल्ली हातात घ्यायची नाही असं त्याच दिवशी ठरवलं, आणि मनात गाडीच सोडायचाही विचार सुरू झाला होता. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू वच्छलाबाईला विचारलंस, फकिराला विचारलंस, कुठल्या गिऱ्हाइकाला विचारलंस. गाडी ज्या बाईच्या नावावर आहे तिला तेवढं विचारलं नाहीस. मागच्या वर्षी पासिंगला उन्हात रांगेत कोण उभं होतं? चोपन्नाव्या वर्षी ज्वारी काढलेल्या रानात, कुणी शिकवणारा नसताना, गिअर कुठं आणि क्लच कुठं हे धडपडत कोण शिकलं? कंपनीत तुझ्या हाताखाली तीस माणसं आहेत म्हणतोस. त्यांना काही सांगायचं झालं तर तूही फकिराला फोन लावतोस का?

गाडी मी तिथं ठेवली नाही. तिथंच पाना हातात घेतला. फकिरा म्हणाला, द्या वहिनी, मी बसवतो. मी म्हटलं, तू चहा कर. दोन बोल्ट, दोन वायसर, हवा काढली, तिसऱ्या सेल्फला गाडी बोलली. असा काळा धूर सोडला की कोंबड्या लिंबावर जाऊन बसल्या. फकिरा कपबशी घेऊन तसाच उभा. त्याच्यावर मी आता रागावलेली नाही. का नाही, ते लिहायला हात धजत नव्हता, म्हणून एवढी पानं गाडीवर घालवली.

'पार्ट मिळत नाही' हे वाक्य फकिराचं नाही, बन्सी. तुझंही नाही. माझं आहे.

आठ वर्षांपूर्वी अण्णांचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तुला आणि मला बाहेर घेऊन सांगितलं. आपण आत जाऊन अण्णांना म्हणालो, जठराला सूज आहे, पथ्य पाळलं की उतरेल. सगळेच असं करतात, आपणही केलं. पण गाडी सोडा म्हटलं तर ते काही ऐकेनात. किल्ली बंडीच्या खिशात घालून झोपायचे, बरं वाटलं की चालवीन म्हणायचे. मग मीच फकिराकडं गेले. गाडी घेऊन जा आणि विचारलं तर पार्ट मिळत नाही म्हणून सांग, असं त्याला म्हणाले. तू माझ्या शेजारी उभा होतास. बावीस वर्षांचा. शाळेत शिकलास ते कंपनीत कामाला आलं, आणि माझ्याकडून शिकलास ते माझ्यावर.

अण्णा रोज बाजेवरून विचारायचे, आला का पार्ट? आपण म्हणायचो, येतोय. मग एक दिवस त्यांनी विचारणं बंद केलं. विसरले म्हणून तू नि मी सुटकेचा श्वास टाकला, आठवतं? ते विसरले नव्हते. तू त्या दिवशी मुलाखतीला गेला होतास, म्हणून तुला माहीत नाही. मी त्यांचे पाय चेपत होते. ते म्हणाले, "साळू, तीस वर्षं गाड्या चालवल्या मी. कोणता पार्ट मिळतो नि कोणता नाय, मला कळतं. मला काय झालंय ते बी कळतं. चालवायची नाय मला. एकदा नुसतं आत बसव."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, पार्ट आला की बसवू.

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पुढं बारा दिवस होते ते, पण गाडीचं नाव काढलं नाही. माझंही काढलं नाही फारसं. ते गेल्यावर मी गाडी चालवायला शिकले तेव्हा लोकांना वाटलं, बाईला या वयात हौस आली. हौस नव्हती. मला त्या गाडीत बसायची शिक्षा हवी होती, आणि बसता बसता ती आवडायला लागली. आता फकिराच्या गॅरेजात खुर्चीवर बसून तेच वाक्य ऐकलं आणि कळलं, त्यांना त्या बाजेवर कसं वाटलं असेल. गाडी गेल्याचं काही नाही रे. आपलीच माणसं आपल्या जिवंतपणी आपल्यामागं बैठक घेतात, आणि आपल्याला चहा पाजून घरी पाठवतात. त्यांनी सोसलं. मी सोसणार नाही.

येत्या रविवारी सकाळी ये, एकटा. मी चालवीन, तू शेजारी बस. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊ आणि परत येऊ. माझा डोळा बघ, हात बघ, सगळं बघ. मग दारात उतरल्यावर स्वतःच्या तोंडानं म्हण, आई, आता गाडी सोड. मी भांडेन. कदाचित जेवायलाही वाढणार नाही. पण किल्ली तिथंच तुझ्या हातावर ठेवीन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून निरोप आला तर मात्र चाकं गळेपर्यंत चालवीन, सांगून ठेवते. हे एकदा बोलायला शीक, बाळा, म्हणून हा कागद लिहिलाय. आज मोतीबिंदू निघाला, उद्या दुसरं काही निघेल. डॉक्टर तुला बाहेर बोलावतील. तेव्हा बाहेर जाऊ नकोस. इथंच सांगा म्हण.

चिडलेली, पण तुझीच,
आई