सात नंबरच्या पिकअपची शिट्टी

३ मार्च, सोमवार
सात नंबर तयार. अशा पिकअप एकूण अकराच बनणार, बारावी नाही. सातशे घोड्यांची ताकद, मागे सामानाचा हौदा, आणि इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबणारा सुपरचार्जर. मी कान लावून पास केल्याशिवाय एकही गाडी दाराबाहेर जात नाही. सव्वीस वर्षं. वर्कशॉपमध्ये मला कानसेन म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, पण कौतुकानेच.
नवी इंजिनिअर म्हणाली, "सर, वरच्या स्पीडला बारीक शिट्टी येतेय. पट्ट्याच्या पुलीचं बेअरिंग असावं." मी बॉनेटखाली वाकलो, डोळे मिटले. काही नाही. पास केली. तिला येऊन आठ महिने झालेत. कानामागून आली आणि तिखट झाली.

४ मार्च
घराची बेल पुन्हा बिघडली. मी आत, बायको चाळीस मिनिटं दारात. महिन्यातली ही दुसरी बेल. हल्ली मालच तसा येतो. बायको म्हणते, शेजाऱ्यांना ऐकू येत होती. म्हणजे वायरिंगचा घोळ. रविवारी तिसरी बसवणार, स्वतः निवडून.

५ मार्च
त्या नव्या इंजिनिअरने गाडीला कंपन मोजायचं मीटर लावलं. आकडा जास्त. मी साहेबांना म्हटलं, मीटर नवं आहे, कान अनुभवी आहे. शिवाय हे बेअरिंग बाजारात मिळत नाही, घडवून घ्यावं लागतं. तीन आठवडे. आणि गिऱ्हाईक शुक्रवारी ट्रॅकवर येणार. साहेबांनी माझ्या शब्दावर सही केली.
संकल्प: शिट्टीवरून कुणाशी वाद घालायचा नाही.

६ मार्च, दुपारी
वाद घातला. आता वेल्डरही म्हणतो शिट्टी येते. कँटीनवालाही! तो तर दोन भिंतींपलीकडे असतो. ही शिट्टी नव्हे, अफवा आहे.

संध्याकाळी
सगळे गेल्यावर इंजिन चालू केलं. बेअरिंगच्या घरावर स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली. काही नाही. बोटांना मात्र मुंग्या आल्या. गारठा असेल. घरी निघालो, अर्ध्या वाटेतून परत आलो, पुन्हा ऐकलं. काही नाही. मग जीव का लागेना?

७ मार्च, सकाळी ७
आज ट्रॅक. गिऱ्हाइकासमोर गाडी मीच चालवणार. ती शेजारच्या सीटवर बसायचा हट्ट धरून आहे. बसू दे. माझं वाक्य तयार आहे: "कुठाय गं शिट्टी?"

दुपारी ३
एकशे ऐंशीला ती काहीतरी बोलत होती. मला वाटलं, दाद देतेय. मी मान डोलावली, पाय आणखी दाबला. तिने माझा दंड धरला, तेवढ्यात बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला. स्टिअरिंग हलकं करणारा पंप त्याच पट्ट्यावर. चाक दगड झालं. चार हातांनी ओढलं. गाडी वाळूत घुसली आणि कठड्याच्या वीतभर अलीकडे थांबली. तिच्या ओठातून रक्त.
साहेबांना ती एवढंच म्हणाली, "मी तीनदा ओरडले, थांबवा."
मी म्हटलं, त्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार?
साहेब म्हणाले, "शिट्टी आम्हाला बाहेर ऐकू येत होती."
दोष बेअरिंग घडवणाऱ्याचा. उद्या खरमरीत पत्र.

८ मार्च
पत्र लिहिलं नाही. तिच्या घरी गेलो. ओठाला दोन टाके. तिच्या आई बराच वेळ बोलत होत्या, मी हो हो म्हणत राहिलो. मग ती समोर येऊन बसली, तोंड माझ्याकडे करून सावकाश म्हणाली, "सर, डॉक्टरांकडे मी येते सोबत." कुठले डॉक्टर, ते मी विचारलं नाही.

१० मार्च, सोमवार
कानाची तपासणी. केवळ साहेबांच्या समाधानासाठी. काचेची खोली, हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सोपं काम. जाडे आवाज धडाधड टिपले. मग डॉक्टरांनी खूण केली, आता बारीक आवाज. मी डोळे मिटले, बोट बटणावर. तयारीत बसलो. बराच वेळ.
डोळे उघडले तर काचेपलीकडे ती खाली बघत होती. डॉक्टर आत आले, हेडफोन काढला. मी म्हटलं, मी केव्हाचा तयार आहे, करा सुरू.
ते म्हणाले, "झाले सगळे."