हळदीच्या डब्यातला फ्यूज

१६ एप्रिल २०२५

प्रिय फरहा,

जय भीम आणि सलाम, दोन्ही. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. फाडायचं झालं तरी आधी उघडावं लागतंच! वाशीमला ऊन कसं आहे? तुझी शाळा सकाळची झाली का? इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा दुखतो, तरी परवा जयंतीच्या मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले. माइक कोणाचा होता ते पुढे सांगते.

माझा प्रबंध मॅडमनी परत पाठवला. धर्म गावात भांडण लावतो की मिटवतो, हे विचारत मी दोन वर्षं तुझ्याच स्कूटीवर मागे बसून हिंडले. मॅडमनी एवढंच विचारलं, "तुझ्या गावातल्या अकरा मुलाखती, अकराही तुझ्याच गल्लीतल्या. ज्यांच्याबद्दल लिहिलंस, त्यांना भेटलीस का?"

भेटले नव्हते. आता लिहूनच टाकते. फेब्रुवारीतल्या चर्चासत्रात मी वाचलं, की २००६ साली गावातले एकमेव माइकवाले गफ्फार यांनी धार्मिक आकसापोटी जयंतीला माइक नाकारला. ते निव्वळ बाबांच्या सांगण्यावरून होतं. तू तिसऱ्या रांगेत होतीस. तुझ्या अब्बूंचं नाव ऐकून तू उठून गेलीस आणि मी पान उलटून पुढे वाचत राहिले. मला त्याची फार लाज वाटते.

मागच्या आठवड्यात हिंमत करून दुकानात गेले. चाचांना विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांना माझं ते वाक्य सांगितलं. तू घरी त्यातलं काहीच बोलली नव्हतीस! ते हसले.

"मशीन बिघडली नव्हती बेटा. फ्यूज मीच काढला अन् तुया चाचीच्या हळदीच्या डब्यात ठेवला. ईद-ए-मिलाद अन् जयंती दोन-तीन दिवसांच्या फरकानं आली होती. दोन्हीकडचे पोट्टे एकमेकायच्या दारासमोर गाणे वाजवाले टपून होते. मंग दोघायलेही सांगतलं, मशीन जळाली."

म्हणजे मिलादच्या जुलूसलाही माइक मिळाला नव्हता. तुमच्या मोहल्ल्यातही वर्षभर कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही. हे आमच्या गल्लीत कोणाला ठाऊकच नव्हतं.

"मंग सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं दोघंही म्हणाले असते, आमाले थांबवणारा तू कोण? अन् झालंच काय होतं, जे सांगाव?"

आतून अख्तरीचाची म्हणाल्या, "अन् महिनाभर माया हळदीले गिरीसचा वास!"

मी ते रेकॉर्डिंग घरी बाबांना ऐकवलं. बाबांनी ते दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं मालेगावाहून माइक आणला मी. एक डाव इचारलं नाही त्याले." तसेच चपला घालून निघाले, मी मागोमाग. दुकानासमोर जाऊन म्हणतात कसे, "गफ्फारभाई, मशीन चालू हाय का?"

"आता फ्यूज हाय, इंद्रभान. ये, बस."

दोघांनी चहा घेतला, गुडघ्यांबद्दल बोलले आणि जयंतीचा माइक ठरला. मी घरी येऊन खूप रडले. फरहा, छातीवरचा धोंडा उतरला गं! अर्धाच म्हण, कारण तू अजून बोलत नाहीस.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं आहे. चर्चासत्रवाल्यांनाही चूक कळवली. पण चाचांची अट आहे, "मायं नाव टाकू नको, उगाच पुन्हा चर्चा." त्यामुळे प्रबंधात फक्त 'एक माइकवाले' असं राहील. मी खोटं लिहिलं तेव्हा त्यांचं नाव घेतलं, आणि आता खरं लिहिते तर घेता येत नाही. म्हणून निदान तुला लिहून देते. २००६ साली आपल्या गावात काहीही झालं नाही, ते शेख गफ्फार यांच्यामुळे, तुझ्या अब्बूंमुळे. हा कागद जपून ठेव.

तू म्हणू देशील तर तुझीच,
धम्मदीपा