निबंधात नापास

ती. आईस नमस्कार,

तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

यंत्रांवरच्या निबंधात मी नापास झाले. सरांनी शेरा मारला, ‘विषय समजलेला नाही.’ मग मी कार्यशाळेतला बंद पंप त्यांच्यासमोर खोलला, झिजलेला वायसर बदलला आणि पंप चालू करून दाखवला.

“हे लिहिलं का नाहीस?” सरांनी विचारलं.

“लिहायला मला जमत नाही, सर. पण समजलं नाही असं म्हणू नका.”

त्यांनी शेरा खोडला, गुण तेवढेच ठेवले. आता तोंडी परीक्षा मागणारा अर्ज दिलाय. खाली वर्गातल्या अकरा जणांच्या सह्या आहेत.

काकांपासून निकाल लपवू नकोस. ते म्हणतील, पोरीला परत बोलवा. मी येणार नाही, हेही सांग.

तुझी,
धाकटी