लाल की निळी

१० डिसेंबर २००७, सोमवार
बोनस जमा झाला. निर्णय: यंदा हाय डेफिनिशन रेकॉर्डर घ्यायचाच. एक घाव दोन तुकडे.

कारण पक्कं आहे. २३ फेब्रुवारीला आमच्या लेकीचं, चिनात्सूचं लग्न. हल्ली रिसेप्शनमध्ये नवरा-नवरीच्या लहानपणाची फिल्म दाखवतात. मुलाकडचे नुसते फोटो लावणार. आमच्याकडे हलतीबोलती चिनात्सू आहे, नऊ टेपा भरून. एका टेपेत माझी आईही आहे. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिचा आवाज आता जगात त्या एका टेपेतच उरलाय.

टेपा बीटाच्या आहेत, एवढीच अडचण. १९७८ साली अख्ख्या नात्यात मी एकट्याने बीटा व्हिडिओ मशीन घेतलं, चित्र जास्त स्वच्छ म्हणून. बाकी जगाने व्हीएचएस घेतलं आणि बीटा बंद पडलं. मी चुकलो नव्हतो, जग चुकलं. तरी माझ्या बायकोचा, म्हणजे फुमिएचा भाऊ कात्सुजी तीस वर्षं दर नव्या वर्षाला विचारतो, काय जावईबापू, बीटाची तब्येत कशी आहे?

फुमिएला सांगितलं, टेपांचं माझ्याकडे लागलं. ती म्हणाली, अहो, बाजारात मिनोबेकडे टाका ना, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो तो साध्या डीव्हीडीवर उतरवूनही देतो. मी समजावलं की साधी डीव्हीडी आता चार दिवसांची पाहुणी. तिने विचारलं, मग नव्या डिस्कवर घातलं की जुन्या टेपेतली चिनात्सू जास्त स्पष्ट दिसेल का?

तांत्रिक प्रश्न आहे. अभ्यास करून सांगतो म्हणालो.

टेपांचं खोकं (संत्र्यांचं, सुतळीने बांधलेलं) कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. सुरक्षित.

१२ डिसेंबर
भीती वाटते आहे.

नव्या डिस्कचे प्रकार दोन आहेत. एचडी डीव्हीडी, तिचं वेष्टन लाल. ब्लू-रे, तिचं निळं. एकीची डिस्क दुसरीच्या मशीनमध्ये चालत नाही. दोघींत भांडण जुंपलंय आणि एक मरणार हे सगळे सांगतात. कोण, ते कोणी सांगत नाही. दुकानातल्या सेल्समनला विचारलं. तो म्हणाला, साहेब, ते कळलं असतं तर मी इथे हे जाकीट घालून उभा असतो का?

कॅटलॉग आणले. अकरा.

१६ डिसेंबर, रविवार
गुण-दोषांचा तक्ता केला. लाल चौदा, निळी चौदा. तक्त्यात चूक असणार. पुन्हा केला. पंधरा-पंधरा.

दुपारी दुकानात जाऊन लाल मशीनवर हात ठेवला. तळव्याला घाम. मग निळ्यावर. तसाच घाम. सेल्समनने न मागता टिश्यू दिला.

कंपनीत मी तपासणी विभागात आहे. तीस वर्षांत माझ्या हातून एकही खराब स्क्रू बाहेर गेलेला नाही. साहेब म्हणतात, चांगलाही फारसा गेलेला नाही. पण अशा माणसाच्या हातून दुसऱ्यांदा चूक होणं शक्य नाही. वेळ घ्यायचा, बस.

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. मला मशीनची भीती नाही. कात्सुजीची आहे. रिसेप्शनमध्ये मामा म्हणून तो भाषण करणार. साठ माणसं, हातात माइक. मी पुन्हा मरणारी बाजू घेतली तर तो चिनात्सूच्या सासरच्यांसमोर बीटापासून सुरुवात करेल. रात्रीचं जेवण अर्धं टाकलं.

२४ डिसेंबर
मासळीच्या दुकानात मिनोबे भेटला. म्हणाला, टेपा जुन्या झाल्या की बुरशी धरतात, तोकुमारूसाहेब. मी सांगितलं, काम प्रगतिपथावर आहे. तो म्हणाला, हो का, पण वहिनींनी तर... आणि बांगडे घेऊन निघूनच गेला. म्हातारा झालाय.

बुरशीची नवीन भीती. खोकं हलवून पाहिलं. वजनदार आहे. सुरक्षित. उघडलं नाही, हवा लागायला नको.

निर्णय ३१ तारखेपर्यंत. नक्की.

३१ डिसेंबर
३१ तारखेला निर्णय घेणं योग्य नव्हतं. घरात साफसफाई चालू होती.

पण एक युक्ती सापडलीये. पेपरातून दुकानाचं पत्रक आलं. २ जानेवारी, वर्षाची पहिली विक्री, नशिबाच्या पिशव्या. नेहमीसारख्याच, तोंड शिवलेल्या, आत काय ते घेणाऱ्याला ठाऊक नाही. पण यंदा तीस पिशव्यांत नवा रेकॉर्डर आहे. काहींत लाल, काहींत निळा.

म्हणजे निवड मी करायचीच नाही. निळा निघाला तर माझं नशीब, लाल निघाला तर नशिबाचं नशीब. कात्सुजीला काय बोलायचं ते नशिबाला बोलावं. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा भूक लागली. वर्षअखेरचे सोबा नूडल्स दोन वाट्या खाल्ले.

२ जानेवारी २००८
पहाटे पाचपासून रांगेत. एकोणिसावा नंबर. पायाची बोटं बधिर. पण पिशवी मिळाली.

बाहेर फुटपाथवर नेहमीची झुंबड. लोक तिथेच पिशव्या फाडून नको ते एकमेकांत बदलत होते. एक टॅक्सीवाला निळा रेकॉर्डर काखेत धरून ओरडत होता, लाल आहे का कुणाकडे, लाल? त्याच्या भावाकडे लाल डिस्का आहेत म्हणे. मला म्हणाला, काका, उघडा की तुमची. लाल निघाली तर इथल्या इथे बदलू, दोघांचंही भलं.

उघडायला हवी होती का? नाही. शांतपणे विचार केला तर नाही. त्या गर्दीत, थंडीत, अनोळखी माणसासमोर आयुष्याचा निर्णय उघडायचा नसतो. घाई आहे म्हणालो आणि चालू लागलो. तो मागून हाका मारत होता, मग थोडा पळालो.

घरी फुमिए म्हणाली, उघडा. मी म्हटलं, योग्य दिवशी. ती म्हणाली, आत काय साप आहे का?

झाकली मूठ सव्वा लाखाची. जोवर उघडत नाही तोवर मी चुकलेलो नाही. पिशवी टेपांच्या खोक्याशेजारी ठेवली.

३ जानेवारी
कात्सुजी आला. तीस वर्षांचा प्रश्न विचारला. मग म्हणाला, ऐकलं यंदा पिशवीत बांधून आणलंय? फुमिए स्वयंपाकघरात हसली. मी मोची, तो तांदळाचा चिकट गोळा, चावत होतो म्हणून उत्तर दिलं नाही.

६ जानेवारी, रविवार
पेपरात बातमी: एक मोठी अमेरिकन सिनेमा कंपनी लाल सोडून पूर्ण निळीकडे जाणार.

तो टॅक्सीवाला डोळ्यांसमोरून जात नाही. आता त्याच्याकडे काय असेल? त्याला लाल मिळाली असेल तर बिचारा. माझ्याकडे लाल असेल तर मी बिचारा.

पिशवी उघडली नाही. बातम्या बदलतात.

१३ जानेवारी
शास्त्रीय उपाय. कॅटलॉगांप्रमाणे लाल मशीन निळ्यापेक्षा जड आहे. आधी एकटा काट्यावर उभा राहिलो, मग पिशवी घेऊन. वजाबाकी केली. आकडा दोन्हींच्या बरोबर मधे आला. पिशवीत दुकानवाले टॉवेल, बॅटऱ्या असलं काहीबाही घालतात, ते लक्षातच नव्हतं.

एक निष्कर्ष मात्र ठाम. नव्या वर्षात माझं वजन अडीच किलो वाढलंय. उद्यापासून मोची बंद.

२७ जानेवारी, रविवार
चिनात्सू आली होती. फिल्मचं विचारलं. हॉटेलला १८ फेब्रुवारीपर्यंत डिस्क द्यायची आहे. मी म्हटलं, काम शेवटच्या टप्प्यात आहे. तिने आईकडे पाहिलं, फुमिएने चहाकडे. मग चिनात्सू म्हणाली, बाबा, नाही जमलं तरी चालेल हं. फोटो आहेत की.

तिने हे अगदी मायेने सांगितलं. बाकी कुणी असं म्हटलं असतं तर राग आला असता. तिला मी लहानपणीही बरंच काही देतो म्हणालो होतो आणि तेव्हाही ती असंच म्हणायची.

आईचा आवाज त्या हॉलमध्ये ऐकू आला नाही तर दोष एकट्या माझा. उद्याच पिशवी उघडणार.

२८ जानेवारी
ऑफिसात काम होतं.

९ फेब्रुवारी
सर्दी.

१७ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ७.३०. लाल मेली. पेपरात पहिल्या पानावर: बनवणारेच ती बंद करणार आहेत. पेपर घेऊन संडासात बसलो. फुमिएने दोनदा दार वाजवलं.

८.१५. उद्या १८. आता टाळता येणार नाही. उघडतो.

८.४०. चहा घेऊन उघडतो.

९.१०. कात्री सापडत नाही.

९.२५. कात्री फुमिएच्या हातात होती. ती केव्हाची दारात उभी आहे.

९.४०. निळी!

निळी. टॉवेल, बॅटऱ्या आणि निळी. तीस वर्षांनी मी जिंकणाऱ्या बाजूला आहे. फुमिएला म्हटलं, बघितलंस? अभ्यास लागतो. तिने अभिनंदन केलं. कात्सुजीला फोन करावा का? नको, साठ माणसांसमोर कळू दे.

१०.३०. मशीन जोडलं. खोकं उतरवलं. सुतळी सोडली. आत टेलिफोन डिरेक्टऱ्या. चार. सन १९९९ च्या.

दुपारी २. आता जरा शांत झालोय, लिहितो. फुमिएने टेपा ११ डिसेंबरलाच मिनोबेकडे दिल्या होत्या. म्हणजे मी टेपांचं माझ्याकडे लागलं म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याने साध्या डीव्हीडीवर उतरवल्या, जानेवारीतच हॉटेलला पोचल्या. चिनात्सूलाही ठाऊक होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? फुमिए म्हणाली, तुम्ही इतकं मन लावून घाबरत होतात, म्हटलं राहू दे. आणि खोकं तुम्ही उघडणार नाही हे मला माहीत होतं.

मग म्हणाली, एक विचारू का? टेपा लावणार कशावर होतात? आपलं बीटा मशीन त्र्याण्णव साली भंगारात दिलं.

हा मुद्दा अकरा कॅटलॉगांत कुठेही नव्हता.

२४ फेब्रुवारी, रविवार
काल लग्न झालं. सगळं नीट लिहून ठेवतो.

चिनात्सू पांढऱ्या किमोनोत होती. मी सकाळपासून फक्त कात्सुजीवर लक्ष ठेवून होतो. त्याच्या खिशात भाषणाचा कागद होता, तीनदा चाचपून पाहिला त्याने.

भाषणाआधी फिल्म. चिनात्सू टबात, चिनात्सू मांजरामागे, आणि मग १९८४, बालवाडीची धावण्याची शर्यत. मी वाटच पाहत होतो. ती शर्यत तिने जिंकली होती, आणि आई माझ्या शेजारी उभी होती.

पडद्यावर खडी आली. खडी आणि माझे बूट. त्या कॅमेऱ्यात काढलेलं तिथल्या तिथे पाहता येत नसे. रेकॉर्डिंग चालू आहे की नाही या धास्तीने मी वाकून त्याचा लाल दिवा तपासत होतो. सबंध शर्यतभर. वर आईचा आवाज: इसाओ, अरे ती पळतेय, वर बघ. वर बघ ना रे. मग माझा आवाज: थांब गं, एक मिनिट. मग टाळ्या.

म्हणजे मी पाहिलंच नव्हतं. चोवीस वर्षं मला वाटत होतं की पाहिलंय. टेपेवर आहे म्हणून निवांत होतो, आणि टेपेवर बूट होते.

साठ माणसं हसली. चिनात्सूही हसली आणि डोळे पुसत होती. कात्सुजी माझ्याकडे झुकला. आता आलं, म्हटलं. तो हळूच म्हणाला, आवाज अगदी आईंचाच आहे हो. आणि जावईबापू, बुटाची लेस न् लेस दिसतेय. बीटा ते बीटा.

भाषणात त्याने बीटाचा ब सुद्धा काढला नाही. अडीच महिने मी उगाच भ्यालो, असं फुमिए म्हणते. उगाच नाही, मी भ्यालो म्हणून तो सावध राहिला.

संध्याकाळी नवरा-नवरी विमानतळावर जायला टॅक्सीत बसली. आम्ही हॉटेलच्या दारात उभे. तेवढ्यात हॉटेलची बाई फॉर्म घेऊन आली. आजचं रेकॉर्डिंग कशावर हवंय, ब्लू-रे की डीव्हीडी, एकावर गोल करा. मी पेन घेतलं. ब्लू-रे जिंकली हे खरं. पण जिंकलेलं तरी किती टिकतं? आईचा आवाज शेवटी साध्या डीव्हीडीनेच ऐकवला. तळव्याला घाम सुटला. फुमिए दंड धरून म्हणाली, अहो, ती हात हलवतेय, वर बघा. मी म्हटलं, थांब गं, एक मिनिट.

वर पाहिलं तेव्हा टॅक्सी गेली होती.

फॉर्म सोमवारी देतो म्हणालो. टॅक्सीचं म्हणाल तर काळजी नाही. हॉटेलचा कॅमेरावाला दारातच उभा होता. रेकॉर्डिंगमध्ये आलं असेलच.