लसणाची धुरी आणि साताऱ्याचे पाव्हणे

विश्रामबाग, सांगली
१२ डिसेंबर १९९४

तीर्थरूप नाथाजी दाजींच्या पायी जोतीरामचा दंडवत. आक्काचा दमा नरम पडला असावा, म्हैस आटली नसावी आणि तुमचा आवाज पूर्वीसारखाच दोन गल्ल्या ऐकू जात असावा. इकडं सगळं खुशाल, फक्त माझी कंबर आणि संयोगिताचं लग्न सोडून.

कंबर धरली ती ट्रॅक्टरचं टायर उचलताना. (रस्त्याकडेला पंक्चर काढत दुकान उभं केलेल्या माणसाला नोकरानं टायर उचललेलं बघवत नाही.) शेजारचे लालासाहेब धावून आले. ते इतिहासाचे निवृत्त मास्तर, त्यामुळं औषधाआधी औषधाचा इतिहास. राहूचं मुंडकं उडालं, अमृताचे थेंब सांडले, तिथं लसूण उगवला, इथून सुरुवात. मग इजिप्तात पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना लसूण, ग्रीक पैलवानांना लसूण, महायुद्धात जखमांवर लसूण. सहा रसांपैकी आंबट तेवढा नाही, म्हणून संस्कृतात रसोन, म्हणजे एका रसानं उणा. मी पालथा पडलेलो, उठून जायची सोय नाही. विचारलं, "गुर्जी, कंबरेचं काय?" तर म्हणाले, "येतोय, येतोय. अजून मोगल राह्यलेत."

शेवटी ठरलं ते असं: लसूण घालून कढवलेल्या तेलानं मालिश, आणि बाजेवर पडून खालून ओव्याची नि लसणाच्या सालींची धुरी. संयोगिता रोज मनोभावे शेगडी पेटवायची.

काल तिला बघायला साताऱ्याचे पाव्हणे आले. (तुम्हीच सुचवलेलं स्थळ. मुलगा सरकारी इंजिनिअर, घरचा ऊस, अट एकच: पोरीनं शाळेतली मास्तरकी सोडायची.) मी आतल्या खोलीत धुरीत. पाव्हणे टेकतात न टेकतात तोच मुलाची आई हरणाबाई हुंगायला लागली. दाराआडून मला स्वच्छ ऐकू आलं.

"बाळंतीण कोण हाय वं घरात?"

आमची रंगू म्हणाली, "कुणी न्हाई."

"न्हाई कसं? ओवा हाय, लसूण हाय, शेगडी हाय. गावची निम्मी बाळंतपणं केल्यात मी!"

आता घरात बायका दोनच. एक पन्नाशीची, दुसरी दाखवायला बसवलेली. मी टॉवेल सावरत, तेलानं निथळत दारात गेलो आणि म्हणालो, "पाव्हणं, बाळंतीण म्हंजे मीच." कुणी हसलं नाही. पोहे तसेच राहिले. जीपमध्ये चढताना हरणाबाई पुटपुटली, "बाप पांघरूण घालतोय." तेही मी ऐकलं.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचाच मेव्हणा,
जोतीराम

ता. क. त्या घरात तुमचा शब्द चालतो. पत्र मिळताच साताऱ्याला जाऊन खरं काय ते सांगा. पोरीच्या नावाला बट्टा नको आणि एवढं चांगलं स्थळही जायला नको. पत्र लिहायचं कारण हेच.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. संयोगिता आईला सांगत होती, "काल आबा म्हणत होते, आज धुरी राहू दे. मीच म्हटलं, दुखणं अंगावर काढू नका, आणि दुप्पट लसूण टाकला. शाळा सोडायला सांगतात म्हणजे काय!" त्यावर रंगू, "आन् मी? कुणी न्हाई म्हणलं. तुझ्या बाचं नाव घेतलं का?" मग दोघी कितीतरी वेळ खिदळत होत्या.

तेव्हा दाजी, साताऱ्याला जायचंच तर बट्टा तेवढा पुसून या, स्थळ जाऊ द्या. पोरीची शाळा चालेल असं दुसरं घर हुडका. मी ऐकलंय हे इकडं कुणाला कळू देऊ नका. कंबर परवाच बरी झाली, पण त्या बाजेवरून घरातलं सगळं ऐकू येतं.