सर्कलमधला तिसरा रस्ता

प्रिय टिटवी,

तू शेजारणीबरोबर पाठवलेली संत्री पोचली. गोड होती. मी खाल्ली म्हणून सांगते. आमच्या पेशंटनं एक फोड तोंडात धरली आणि छताकडे बघत पडून राहिला, जणू संत्र्यानं त्याला काहीतरी अवघड विचारलंय. शाळेत मला ताप आला की तू मधली सुट्टी बुडवून यायचीस. माझ्या बाळंतपणात माझ्या आईच्या आधी तू दवाखान्यात हजर होतीस आणि नर्सला दटावत होतीस. आणि आता माझ्या नवऱ्याला सायकलवरून गाडीनं उडवलं, तर संत्री येतात, तू येत नाहीस. असू दे. वय झालं की गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, कळतं मला. फक्त आमचं घर तळमजल्यावर आहे, तेवढं तू विसरलेली दिसतेस.

तब्येतीचं म्हणशील तर मांडीचं हाड शहाण्यासारखं जुळतंय. मनगट मात्र रुसून बसलंय, तेही उजवं. मोजणी कचेरीत नकाशे काढणाऱ्या माणसाचं उजवं मनगट म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. डॉक्टर म्हणतात, अजून एक शस्त्रक्रिया हवी, तीही हातांच्या मोठ्या दवाखान्यात, आणि पुढे कितीतरी महिने व्यायाम. नाहीतर रेघ अशीच थरथरत राहणार, आणि थरथरणारी रेघ कचेरीला नको असते. हा खर्च आमच्या ऐपतीतला नाही. म्हणून भरपाईचा दावा लावलाय. दावा लावला म्हटलं की लोकांना वाटतं आपल्याला घबाड मिळालं. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "चला, नशीब उघडलं हो तुमचं!" म्हटलं, "मग तुमच्या यजमानांनाही पाठवा की सायकलवरून. सर्कल सगळ्यांना खुलं आहे." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. अपघाताचा तेवढा एक फायदा झाला.

आता त्या सर्कलची गोष्ट. तू रोज तिथूनच जातेस, पण आमच्या वकीलबाईनं माझी इतकी शिकवणी घेतलीय की मी तिथे शिट्टी घेऊन उभी राहू शकेन. कचेरीकडून सर्कलमध्ये शिरलं की पहिला रस्ता बाजाराचा, दुसरा आमच्या घराचा, तिसरा तुझ्या घराचा. सायकलवाला कडेकडेनं गोल पुढे चाललेला असताना आतली गाडी त्याच्या पुढ्यातून बाहेर वळली, तर चूक गाडीची. आमच्या ह्याला धडक बसली ती आमच्याच रस्त्याच्या तोंडाशी. गाडी एका दातांच्या डॉक्टरची. त्याला तिथून बाहेर पडायचं होतं, तो पडला. मध्ये माझा नवरा होता. इथवर सगळं आपल्या बाजूचं. पण दवाखान्यात पोलीस आला तेव्हा आमच्या सत्यवचनी माणसानं जबाब दिला, "मी घरी चाललो होतो." मी उशाशीच उभी होते. पोलिसाकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं त्यानं.

झालं. विमा कंपनीचा माणूस आला. लोण्याचा गोळा नुसता. आवाज इतका मऊ, की ऐकून झालं की हात धुवावेसे वाटतात. म्हणाला, "ताई, घरी जाणारा माणूस घराचा रस्ता सोडून पुढे कशाला जाईल? म्हणजे ते चुकून पुढे आले, मग भानावर येऊन एकदम वळले, आणि आमच्या डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर आदळले." म्हणजे चूक सायकलवाल्याची. भरपाई जवळजवळ नाहीच, सहानुभूती मात्र हवी तेवढी. गंमत बघ टिटवे, घरी जाणारा माणूस घराचा रस्ता सोडून पुढे कशाला जाईल, हा प्रश्न मलाही पडलाय. फरक एवढाच की त्या प्रश्नानं कंपनीचा पैसा वाचतो. माझं काय वाचतं?

वकीलबाई वयानं लहान आहे, जेवते उभ्यानं, पण खोटं तिला वासावरून कळतं. तिनं ह्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाली, "काका, सर्कल काढून दाखवा." काकांनी डाव्या हातानं काढलं. काय वर्तुळ काढलं म्हणून सांगू, कंपासनं मान खाली घालावी! मधलं बेट, कडेचे दिवे, सगळं मापात. आणि बाहेर जाणारे रस्ते? कचेरीचा, बाजाराचा, आमचा. बस्स. तुझा रस्ता गुल! ज्यानं दोन भावांचा वीतभर जमिनीचा तंटा एका रेघेत मिटवला होता, तो माणूस अख्खा डांबरी रस्ता विसरला. वकीलबाईनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पर्समध्ये घराची किल्ली शोधायला लागले. किल्ली माझ्या हातातच होती.

तिसऱ्या रस्त्यावर आहे तरी काय? बंद पडलेला रंगाचा कारखाना, पाण्याची टाकी, आणि तू. टाकी बघायला तो काही जात नसणार.

तरी मी मनाची समजूत घातली असती. बायकांना तेवढं येतं. पण मग पोलिसांनी सायकलबरोबरचं सामान परत दिलं. डबा, घंटी, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक मिक्सर. टॉवेल माझा. मिक्सर तुझा, दुरुस्त होऊन परत निघालेला. झाकणाची मूठ तुटली म्हणून तिथे दोऱ्याचं लाकडी रीळ ठोकून बसवलेला मिक्सर ह्या जगात एकच असणार, आणि ते रीळ तू बसवलंस तेव्हा मी समोर बसून चहा पीत होते. सायकलचा पार चुरा झालाय, आणि मिक्सरला ओरखडासुद्धा नाही. कसा असेल? सर्कलमधल्या झाडांना पाणी घालणारा माळी मला म्हणाला, "गाडी कशी लागली ते नाही पाहिलं बाई, पण साहेब पडताना दिसले. दुसरा असता तर हात टेकून स्वतःला सावरलं असतं. साहेबांनी आधी ते गाठोडं छातीशी धरलं." आणि मनगट सापडलं अंगाखाली. मी त्याला म्हटलं, "बरं झालं सांगितलंत." काय बरं झालं, देव जाणे.

तसलं काही नाही, हे मला माहीत आहे. तसलं काही करायला माणसात थोडा उत्साह लागतो, आणि आमच्याकडचा सगळा उत्साह जेवल्यावर आडवा होतो. खरं तर तसलं काही असतं तर सोपं होतं. तुझ्या झिंज्या उपटून मी मोकळी झाले असते. मिक्सर दुरुस्त केला म्हणून कोणाच्या झिंज्या उपटायच्या? पण आमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा कितीतरी उन्हाळे टकटक करतोय. मोरीतला नळ ठिबकतोय. सांगितलं की म्हणतो, "बघू." पूर्वी एकदा दारावरची बेल दुरुस्त केली होती त्यानं. ती नंतर कोणी न दाबताच वाजायची, आणि मी आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे भुतंसुद्धा बेल वाजवून येतात, फार वळण आहे त्यांना!" काय हसायचे लोक. तोही हसायचा. मग त्यानं हत्यारांची पेटी माळ्यावर ठेवून दिली. परवा शिडी लावून बघितलं, तर माळ्यावर पेटी नाही. कुठे आहे ते तुला विचारत नाही. तुझ्या ओट्याजवळच्या खिडकीखाली असेल. तिथे उजेड छान येतो.

आणि तू गं? शिवणयंत्रांच्या दुकानात उभं आयुष्य काढलंस. हेअरपिनेनं यंत्र उघडून गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत बंद करतेस. शाळेत मुख्याध्यापकांच्या सायकलची घंटी खोलून तिचे तुकडे सगळ्या वर्गाला वाटले होतेस. तुला मिक्सरला माणूस लागतो? खरं सांग, मुद्दाम बिघडवतेस ना? एखादा स्क्रू सैल करून ठेवायचा आणि टिटवीसारखं ओरडायचं, "अहो भाऊजी, हे बघा ना काय झालंय!" भाऊजी म्हणतेस ना अजून? म्हणत राहा. मला कधी सुचलं नाही बघ. मी सगळ्या वस्तू नीट ठेवल्या.

आणि एक विचारू? तिथे तो बोलतो का गं? स्क्रू फिरवता फिरवता? काय बोलतो? आमचा संसार "हं" आणि "बघू" ह्या दोन चाकांवर इतकी वर्षं चाललाय, आणि मला वाटायचं, गाडीला चाकं तेवढीच असतात.

तर, हे पत्र संत्र्यांची पोच नाही, एव्हाना कळलंच असेल. वकीलबाई म्हणते, जबाब सुधारता येतो, पण तिसऱ्या रस्त्यावरच्या कोणीतरी पुढे येऊन सांगायला हवं, की तो नेहमी इकडे येतो आणि त्या दिवशीही येणार होता. मग तो सरळ आपल्या वाटेनं चालला होता असं ठरतं, चूक सगळी दातवाल्याची ठरते, आणि मनगटाच्या खर्चाचं भागतं. तो स्वतः तोंड उघडणार नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "घरीच येत होतो." हात गेला तरी चालेल, पण मला कळता कामा नये. एवढी माया त्यानं नेमकी कोणावर केली, तुझ्यावर की माझ्यावर, ह्याचा विचार मी सवडीनं करीन. तू सोमवारी सकाळी वकीलबाईच्या कचेरीत ये. मिक्सर मी घेऊन येते, पुरावा म्हणून. मी बाहेरच्या बाकावर बसेन, आत येणार नाही. एकच वाक्य लागतं, "तो माझ्याकडे येत होता." तुझ्या त्या खणखणीत आवाजात सांग, कोणाला शंका राहणार नाही. आधी वाटलं, आपणच वकीलबाईला सांगून टाकावं, कशाला तुझी मिनतवारी. म्हणून काल स्वयंपाकघराचं दार लावून म्हणून बघितलं, "तो तिच्याकडे चालला होता." पलंगापर्यंत ऐकू जाऊ नये म्हणून तुझा मिक्सर रिकामाच चालू ठेवला होता. फार सुरेख चालतो गं आता. माझा आवाज मलासुद्धा ऐकू आला नाही.

अजून तरी तुझीच,
कात्री